रूथ मॅडमचा शनिवार

दर गुरुवारी दुपारी साडेतीनला रूथ मॅडम एक माणूस शोधायला बसायच्या.

आमचं ऑफिस जुन्या पनवेलमध्ये, एका बँकेच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर होतं. पनवेल-उरण भागातल्या लहान हॉस्पिटलांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवायचो. पेशंटचा केसपेपर, रिपोर्ट, औषधं, मागचे आजार, सगळं त्यात. ती माहिती आमच्या सर्व्हरवर साठायची आणि ती सांभाळायचं काम रूथ आवासकर मॅडमचं. रोज रात्री या माहितीची एक प्रत आपोआप निघून दुसरीकडे जाऊन बसायची. हा बॅकअप सगळ्याच कंपन्या घेतात. मॅडम मात्र गुरुवारी तो बॅकअप कोपऱ्यातल्या एका जुन्या मशीनवर परत उभा करायच्या आणि मला म्हणायच्या, "वैशाली, एक आकडा सांग." मी मनात येईल तो आकडा सांगायचे. त्या नंबरचा पेशंट बॅकअपमध्ये सापडतो का, त्याची शेवटची भेट आणि शेवटची गोळी चालू सर्व्हरशी जुळते का, हे त्या ताडून बघायच्या. पेशंटचं नाव झाकलेलं असायचं. नुसता नंबर. जुळलं की वहीत टिक करायच्या आणि चहा सांगायच्या.

मी नवीन असताना मला हा प्रकार वेळ घालवण्याचा वाटायचा. एकदा मी म्हटलंही, की बॅकअप तर रोज होतोय, मशीन हिरवा दिवा दाखवतंय. त्या म्हणाल्या, "बॅकअप आहे असं सांगू नकोस. तो परत आला, असं सांग."

त्यांचं आडनाव अलिबागजवळच्या गावावरून आलेलं. त्या बेने इस्रायली, कोकणातल्या ज्यू. घरात मराठीच, आणि ती आमच्यापेक्षा स्वच्छ. पनवेलमध्ये आता त्यांची मोजकी घरं उरलीत, बाकीची बरीचशी इस्रायलला गेली. मॅडम आणि त्यांचे यजमान बेनीसाहेब मात्र गेले नाहीत. का नाही गेलात असं कोणी विचारलं की त्या सांगायच्या, तिकडे घोळीची भाजी कोण देणार. उंचीला बेताच्या, अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी, चष्मा काळ्या दोरीने गळ्यात. चालताना चपलांचा आवाज होत नसे. त्यामुळे आपण काय करतोय हे त्या नेमक्या किती वेळ मागे उभं राहून बघतायत, हे कधी कळायचं नाही.

आम्ही ज्याला डेटा म्हणायचो त्याला त्या माणसं म्हणायच्या. 'आज किती रेकॉर्ड हलवतेयस' असं त्यांनी कधी विचारलं नाही. 'आज किती माणसं हलवतेयस' असं विचारायच्या. सुरुवातीला हसू यायचं. पुढे मीही तसंच बोलायला लागले.

शुक्रवारी चारला त्या उठायच्या. सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ सुरू. मग शनिवारी सूर्य मावळेपर्यंत फोन कपाटात, गाडी नाही, रिक्षा नाही, काम नाही. आमचे मालक शिरीष सर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचे, शनिवारी रूथताई नाहीत असं समजायचं. बदल्यात गणपती, दिवाळी, होळी, सगळ्या सणांची ड्युटी त्या स्वतःकडे घ्यायच्या. पाच वर्षांत माझा एकही गणपती ऑफिसात गेला नाही, तो त्यांच्यामुळे.

मी मुलगी तीन वर्षांची झाल्यावर पुन्हा नोकरीला लागले होते. खारघरहून यायचे. मधल्या काळात सॉफ्टवेअरचं जग पुढे गेलेलं, मी मागे, आणि सगळ्यांना काहीतरी करून दाखवायची मला घाई. पुढे जे झालं त्याचं मूळ या घाईत होतं.

त्याआधी एक किस्सा सांगते, म्हणजे मॅडम कशा होत्या ते कळेल.

शिरीष सरांच्या मेव्हण्याच्या मुलाला एक स्थळ आलं होतं. मुलगी खारघरची. तिकडच्या एका हॉस्पिटलात तिचे काही रिपोर्ट झालेत अशी कुणकुण या लोकांना लागलेली. ते हॉस्पिटल आमचं गिऱ्हाईक. सर मॅडमच्या टेबलापाशी आले, जरा इकडे-तिकडे करून म्हणाले की नुसतं बघायचंय, काही गंभीर नाही ना एवढंच. मी शेजारच्याच टेबलावर होते.

मॅडमनी खुर्ची मागे सरकवली आणि स्क्रीन सरांकडे वळवला. म्हणाल्या, "बघा ना सर, मालक तुम्ही आहात. फक्त आपल्याकडे कोण कोणाची फाइल कधी उघडतं त्याची नोंद होते. तुमचं नाव लागेल, ती नोंद मी पुसणार नाही, आणि उद्या त्या मुलीच्या वडिलांनी हॉस्पिटलकडे विचारलं तर हॉस्पिटलला ती द्यावी लागेल."

सरांनी स्क्रीन पुन्हा मॅडमकडे वळवला. मग म्हणाले, "जाऊ दे, पोरांनी आपापसात विचारून घ्यावं." आणि केबिनमध्ये गेले. पुढे ते लग्न झालं. सरांनीच पेढे आणले आणि मॅडमच्या टेबलावर पहिला बॉक्स ठेवला. 

त्या दिवशी डबा खाताना मी मॅडमना म्हटलं, तुम्हाला कधी मोह झाला नाही? त्यांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. झाला होता, म्हणाल्या. मग जे सांगितलं ते मी त्यांच्याकडून एकदाच ऐकलं.

तरुणपणी त्या पनवेलच्या एका लॅबमध्ये रिपोर्ट कॉम्प्युटरवर चढवायचं काम करायच्या. त्यांच्या शेजारी हमीदाआपा राहायच्या, कोकणी मुसलमान, नवरा कुवेतला. दोन्ही घरांचा एकच जिना. आपा काही दिवस कोमेजल्यासारख्या दिसत होत्या. एक दिवस मॅडमनी लॅबमध्ये सहज त्यांचं नाव टाकलं. गाठीचा रिपोर्ट होता, आणि तो चांगला नव्हता. डॉक्टर आपांना तो चार दिवसांनी सांगणार होते. ते चार दिवस आपा रोज जिन्यात भेटत होत्या. एकदा शेवयांची वाटी घेऊन आल्या आणि विचारलं, रूथ, तुझ्या लॅबमधून काही कळतं का गं?

"मी नाही म्हटलं," मॅडम म्हणाल्या. "शेवया खाल्ल्या. तिच्या अंगातली गोष्ट तिच्याआधी मला माहीत, आणि मी तिच्यासमोर बसून शेवया खातेय. वैशाली, मला त्या दिवशी स्वतःची किळस आली."

आपा पुढे बऱ्या झाल्या, अगदी ठणठणीत. बऱ्या झाल्यावर मॅडमनी त्यांना खरं सांगितलं. आपांनी सहा महिने बोलणं टाकलं. मग एका ईदला स्वतःच वाटी घेऊन आल्या. हे सांगून मॅडमनी पुन्हा भाकरीचा तुकडा उचलला.

आता माझ्या चुकीबद्दल.

आमच्या पाच हॉस्पिटलांची पेशंटची यादी एकत्र होती. एकच माणूस आज पनवेलला, उद्या उरणला जायचा आणि प्रत्येक ठिकाणी त्याची नवी फाइल उघडली जायची. डॉक्टर कुरकुरायचे, एका पेशंटच्या तीन-तीन फायली, मागचं काही दिसत नाही. शिरीष सरांनी मला काम दिलं, की एकाच माणसाच्या फायली शोधून जोडणारा प्रोग्राम लिही. मी लिहिला. पूर्ण नाव तेच, जन्मतारीख तीच, तर माणूस तोच. मोबाइल नंबर लोक सारखे बदलतात म्हणून मी तो धरला नाही. दोन फायलींत काही वेगळं असेल तर नव्या फाइलीतलं ठेवायचं, जुन्यातलं टाकायचं. मीच तयार केलेल्या शंभर खोट्या पेशंटांवर चालवून पाहिला. झकास चालला.

मॅडमनी सांगून ठेवलं होतं, चालू सर्व्हरवर चालवण्याआधी मला दाखव. पण त्या मंगळवार-बुधवार भाच्याच्या लग्नाला ठाण्याला गेल्या. मंगळवारी एका हॉस्पिटलचे रिपोर्ट छापायचे अडकले. ते सोडवायला मॅडमचाच पासवर्ड हवा होता. मी फोन केला. तिकडे वाजंत्री चालू. त्यांनी पासवर्ड सांगितला. पाच वर्षांत एकदाच. वरून म्हणाल्या, काम झालं की विसरून जा.

मी विसरले नाही. बुधवारी सर दोनदा येऊन विचारून गेले, जोडणीचं कुठवर आलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी मॅडमच्या पासवर्डने आत शिरले आणि प्रोग्राम चालवला. दोन मिनिटांत संपला. सरांनी शाबासकी दिली. मॅडम गुरुवारी आल्या. सांगू, सांगू म्हणत मी त्यांना सांगितलं नाही. साडेतीनला त्यांनी नेहमीप्रमाणे आकडा विचारला, मी सांगितला, पेशंट जुळला, टिक झाली, चहा आला. मी तो चहा प्यायले.

शनिवारी सकाळी मी ऑफिसात एकटी होते. सव्वानऊला उरणच्या हॉस्पिटलच्या रिसेप्शनवरून फोन आला. तिथली मुलगी गोंधळलेली. म्हणाली, एक बाई आल्यात, त्यांच्या फाइलमध्ये मागे झालेलं पोटाचं ऑपरेशन दिसतंय, आणि त्या म्हणतायत माझं कधी ऑपरेशनच झालेलं नाही, पोट दाखवू का?

नाव सुनंदा बाळाराम पाटील. जन्मतारीख एक जून.

एक जून ऐकताच मला माझी चूक कळली. मी खारघरच्या टॉवरमध्ये राहत असले तरी माझं आजोळ इकडचंच, मला हे माहीत असायला हवं होतं. आमच्याकडे जुन्या पिढीत कोणाची जन्मतारीख लिहून ठेवलेली नसायची. शाळेत नाव घालताना मास्तर वर्ष अंदाजाने धरायचे आणि तारीख टाकायचे एक जून. अर्धा तालुका एक जूनला जन्मलेला. पाटील, म्हात्रे, ठाकूर तर गावोगाव. माझ्या शंभर खोट्या पेशंटांच्या जन्मतारखा मी शंभर वेगळ्या टाकल्या होत्या.

मी सोमवारचा बॅकअप उघडला. मॅडम महिनाभराचे ठेवायच्या म्हणून तो होता. प्रोग्रामने जोडलेल्या फायली, पत्ता आणि मोबाइल धरून, त्याच्याशी ताडल्या. एक्केचाळीस जोड्या अशा निघाल्या, की दोन वेगळी माणसं एकमेकांत मिसळलेली. त्यातली अकरा माणसं बुधवारनंतर कुठल्या ना कुठल्या हॉस्पिटलात जाऊन आलेली. आणि त्या अकरांतली एक बाई त्या क्षणी पनवेलच्या एका हॉस्पिटलात दाखल होती. दुसरी सुनंदा बाळाराम पाटील, नेऱ्याच्या बाजूच्या एका गावची. पित्ताशयाचं ऑपरेशन, बारा वाजता. सोमवारच्या बॅकअपमध्ये तिच्या फाइलवर लिहिलेलं होतं, पेनिसिलिनची तीव्र अॅलर्जी. आताच्या फाइलवर होतं, अॅलर्जी नाही. उरणच्या सुनंदाबाईंची फाइल नवी, म्हणून तिच्यातलं ठेवलं गेलं होतं.

हॉस्पिटलला फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज. सरांना लावला. ते पुण्याच्या वाटेवर होते. म्हणाले, "थांब, घाबरू नकोस. आधी नक्की काय झालंय ते कळू दे. तोवर हॉस्पिटलला काही बोलायचं नाही." आणि फोन तुटला.

मी पायऱ्या उतरून पळत सुटले. मॅडमचं घर हॉस्पिटलच्या वाटेवरच होतं. बेनीसाहेबांनी दार उघडलं. आत टेबलावर पांढरी चादर, मॅडम खुर्चीत काहीतरी वाचत बसलेल्या. शनिवारी त्यांच्या दारात मी पहिल्यांदाच उभी होते. काय बोलले ते मला आठवत नाही. सलग बोलत होते एवढं खरं. त्यांनी ऑपरेशन किती वाजता, एवढंच विचारलं, चष्मा घातला आणि चपला पायात सरकवल्या.

मी म्हटलं, मॅडम, आज शनिवार.

"जिवाचा प्रश्न असला की शनिवार बाजूला," त्या म्हणाल्या. "आम्हाला हे लहानपणीच शिकवतात. रिक्षा थांबव."

रिक्षात त्यांनी एकच विचारलं. "कोणाच्या पासवर्डने?"

"तुमच्या."

त्यांनी रिक्षावाल्याला पुढच्या चौकातून वळायला सांगितलं. मग म्हणाल्या, "बरं. आधी ती बाई."

हॉस्पिटलात पहिल्या मजल्यावर ऑपरेशन थिएटरच्या दाराशी एक वयस्क सिस्टर हातात कागद घेऊन उभ्या होत्या. सरांनी काय सांगितलंय ते मी मॅडमना वाटेत सांगायला विसरले होते, आणि आता बोलायला तोंड उघडेपर्यंत मॅडम सुरूही झाल्या होत्या. आवाज जराही न चढवता म्हणाल्या, "मी तुमच्या सॉफ्टवेअर कंपनीतून आले. आमच्या चुकीमुळे सुनंदा बाळाराम पाटील यांच्या फाइलमध्ये अॅलर्जी नाही असं दिसतंय. ते खोटं आहे. त्यांना पेनिसिलिन चालत नाही."

सिस्टरनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग हातातला कागद उलटा करून समोर धरला. कागदाच्या डोक्यावर लाल पेनाने, दोनदा अधोरेखित करून, तेच लिहिलेलं होतं.

त्या सांगू लागल्या, की स्क्रीनवर काही नसलं तरी थिएटरमध्ये नेण्याआधी पेशंटला तोंडाने विचारायचं, ही त्यांची तीस वर्षांची सवय. सकाळी विचारलं तेव्हा बाईंनी स्वतः सांगितलं. डॉक्टरांनी औषध बदललं पण होतं.

बाजूच्या खाटेवर हिरवा गाऊन घातलेल्या सुनंदाबाई हे सगळं ऐकत होत्या. पंचेचाळीस-पन्नाशीच्या, रापलेल्या, डोळे तरतरीत. आमच्याकडे बघून म्हणाल्या, "मागं ती सुई दिली तवा अंगभर गांधी उठल्या, दम लागला, मेलीच होते. ते मी कशी विसरंन? सिस्टरनी इचारलं, मी सांगितलं. तुमच्या मशिनीला कोन इचारतंय."

मॅडम बाहेरच्या बाकावर बसल्या. चष्मा काढून मांडीवर ठेवला. मला वाटलं आता माझ्यावर तुटून पडणार. त्या हसत होत्या. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मीही त्यांच्याशेजारी बसले आणि मला रडू फुटलं. समोरून जाणाऱ्या एका आजोबांना वाटलं आमचं कोणीतरी गेलं. ते थांबून धीर देऊ लागले. मॅडमनी त्यांना सांगितलं, की नाही हो बाबा, आमचं माणूस वाचलंय.

मग त्या उठल्या. बाकीच्या दहा जणांचं बघू, म्हणाल्या. ऑफिसात बसून आम्ही एकेका हॉस्पिटलला फोन केले. फोन मीच करायचा आणि चूक आमची असं सुरुवातीलाच सांगायचं, हे त्यांनी बजावलं. त्या शेजारी बसून ऐकत होत्या. कोणाला चुकीचं औषध गेलं नव्हतं. एका आजीबाईंच्या नावावर दुसऱ्याच कोणाचा साखरेचा रिपोर्ट लागला होता आणि त्यांनी दोन दिवस चहा बिनसाखरेचा प्यायला होता, एवढंच. चार वाजता शेवटचा फोन झाला. मॅडमनी विचारलं, आता कोणाच्या जिवाला धोका उरला का? मी नाही म्हटलं. "मग उरलेलं रविवारी," असं म्हणून त्या चालत घरी गेल्या.

रविवारी सकाळी आठपासून आम्ही दोघींनी एक्केचाळीस जोड्या सुट्या केल्या. जुनं सोमवारच्या बॅकअपमधून घेतलं. बुधवारनंतरची प्रत्येक नोंद कोणत्या सुनंदाची, कोणत्या बाळारामची, ते हॉस्पिटलला विचारून हाताने लावलं. संध्याकाळपर्यंत ब्याऐंशी माणसं आपापल्या फाइलीत परत गेली. दिवसभरात मॅडम मला एक शब्दही लागेल असं बोलल्या नाहीत. ते रागावण्यापेक्षा जड होतं.

सोमवारी त्यांनी पाचही हॉस्पिटलांना पाठवायचं पत्र लिहून सरांसमोर ठेवलं. मलाही बोलावून घेतलं. काय झालं, कधी, कोणत्या पेशंटांच्या बाबतीत, आम्ही काय दुरुस्त केलं, सगळं एका पानात. खाली तीन वाक्यं होती. पासवर्ड मी दिला. प्रोग्राम वैशालीने चालवला. तपासला कोणीच नाही.

माझं नाव वाचून माझे कान तापले. मला वाटत होतं की मॅडम मला पाठीशी घालतील, नाहीतर सगळं माझ्यावर ढकलतील. मी दोन्हीची तयारी करून आले होते. त्यांनी फक्त घडलं तसं लिहिलं होतं. आणि ते वाचता वाचता, बुधवारपासून छातीवर जो धोंडा होता तो पहिल्यांदा हलल्यासारखा वाटला.

सर वाईट माणूस नव्हते. बारा जणांची घरं त्या ऑफिसवर चालायची, ती काळजी त्यांच्या तोंडावर दिसत होती. ते म्हणाले, "रूथताई, सगळं दुरुस्त झालंय. कोणाला काही झालेलं नाही. मग आपणच कशाला ढोल वाजवायचा?"

"झालं नाही ते त्या सिस्टरमुळे," मॅडम म्हणाल्या. "आपल्यामुळे नाही. दुसऱ्या हॉस्पिटलात अशी सिस्टर नसेल. त्यांना कळलं पाहिजे की आपल्या स्क्रीनवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही."

सरांनी पत्र दोन-तीनदा वाचलं. पेन काढून 'चूक' या शब्दावर काट मारली आणि वर 'तांत्रिक अडचण' असं लिहिलं. मॅडमनी तो कागद घेतला, शांतपणे 'तांत्रिक अडचण' खोडलं आणि पुन्हा 'चूक' लिहिलं. म्हणाल्या, की तुमची सही नको असेल तर माझ्या एकटीच्या सहीने जाऊ दे. मग माझी नोकरी राहते का ते तुम्ही ठरवा, मला राग नाही.  सरांनी पत्र पुन्हा आपल्याकडे ओढलं. मग त्यांनी मॅडमच्या सहीखाली स्वतःची सही केली, आणि पेन माझ्यापुढे सरकवलं.

एक हॉस्पिटल आम्हाला सोडून गेलं. चार राहिली. पनवेलच्या सर्जननी सरांना फोन करून सांगितलं, की वीस वर्षांत कुठल्या कंपनीने आपणहून येऊन असं सांगितलेलं पहिल्यांदाच बघतोय. फोन ठेवल्यावर सर केबिनमधून बाहेर आले आणि सगळ्यांसाठी वडापाव मागवले. खूप दिवसांनी त्यांचे खांदे खाली आलेले दिसले. त्या सिस्टरच्या सवयीवरून आम्ही प्रोग्राममध्ये एक चौकोन घातला, 'पेशंटला तोंडी विचारलं'. त्यावर खूण केल्याशिवाय ऑपरेशनची फाइल पुढे सरकत नाही. तो अजून आहे.

माझी नोकरी राहिली. मॅडमनी मला दोन महिने चालू सर्व्हरला हात लावू दिला नाही आणि एक आठवडा उरणच्या रिसेप्शनवर नुसतं बसायला पाठवलं. नावं कशी सांगितली जातात ते ऐक, म्हणाल्या. मी ऐकलं. जन्मतारीख विचारली की म्हाताऱ्या बायका पदर सावरून हसायच्या आणि म्हणायच्या, "टाक गो काय पन." स्वतःलाही त्यांनी सोडलं नाही. एकट्याच्या पासवर्डने सर्व्हरवर काही बदलताच येणार नाही, दोन माणसं लागतील, असं करून घेतलं. त्यात पहिलं कुलूप त्यांनाच लागलं.

महिन्याभराने त्यांनी आम्हाला मलिद्याला बोलावलं. त्यांच्यात काही चांगलं झालं, संकट टळलं की एलियाहू प्रेषिताच्या नावाने करतात. परातीत पोह्यांचा डोंगर, त्यात गूळ, खोबरं, वेलची, भोवती फळं. पनवेल-उरणचे जमतील तेवढे पुरुष जमले होते आणि गात होते, काही हिब्रू, काही आपलं मराठी. मी मॅडमना विचारलं, कशाबद्दल आहे हा? त्यांनी माझ्या हातात मूठभर पोहे ठेवले. म्हणाल्या, हॉस्पिटलच्या त्या बाकावर बसून देवाला कबूल केलं होतं. सुनंदाबाई चौथ्या दिवशी घरी गेल्या होत्या, हे आम्हाला तोवर कळलेलं होतं. मी ते पोहे कागदात बांधून मुलीसाठी पण आणले.

वयाची साठी झाल्यावर मॅडम निवृत्त झाल्या. भाषण करू दिलं नाही. कामाची सगळी माहिती मला लिहून दिली होती, तीवर बोट ठेवून माझ्याकडून वाचून घेतली, आणि नेहमीसारख्या बेताने जिना उतरून गेल्या. नंतर फोनवर बोलणं व्हायचं, भेट मात्र होईना.

गेल्या हिवाळ्यात आम्ही मुलीला घेऊन उरणजवळच्या मोरा बंदरावर गेलो होतो, तिला लाँच दाखवायला. दुपारची वेळ, धक्क्यावर सुक्या मासळीचा वास, मुंबईकडे जाणारी लाँच सुटायच्या बेतात. नवरा मुलीला घेऊन पुढे गेला आणि मला लाँचमध्ये कडेच्या बाकावर मॅडम दिसल्या. हाक मारायला मी तोंड उघडलं आणि थांबले. त्या झोपल्या होत्या. मान खांबाला टेकलेली, तोंड किंचित उघडं, अंगावर ऊन. मांडीवरची पर्स घसरत घसरत पायाशी, ओल्या फळ्यांवर पडली. शेजारी एक कोळीण बसली होती, टोपली रिकामी करून घरी किंवा बाजाराला निघालेली. तिने वाकून पर्स उचलली, पदराने पुसली आणि स्वतःच्या मांडीवर घेऊन तिच्यावर दोन्ही हात ठेवले. मॅडमना काही कळलं नाही.

इंजिन सुरू झालं. लाँच धक्क्यापासून सुटली, वळली, खाडीच्या पाण्यातून पुढे निघाली. ती दिसेनाशी होईपर्यंत मी बघत होते. मॅडम तशाच गाढ झोपलेल्या होत्या, आणि ती बाई पर्स सांभाळत समोर समुद्राकडे बघत बसली होती.